पाट्याचं पाणी

मिस्त्रीच्या भट्टीवर 'तुटला' हा शब्द चालत नव्हता. मुंबईकडून येणारा एखादा ट्रक चिंचवडच्या अलीकडं आचका देऊन थांबायचा, ड्रायव्हर पळत यायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, पाटा तुटला." मिस्त्री मान वर करायचा नाही. घण मारत राहायचा. ड्रायव्हर पुन्हा सांगायचा, मोठ्यानं सांगायचा, कपाळाला हात लावायचा. शेवटी तिथं बसलेल्यांपैकी कुणीतरी, बहुतेक वेळा मीच, त्याच्या कानाशी लागायचो, "राव, दमला म्हणा." त्याला वाटायचं गावठी लोक चेष्टा करतायत. पण रस्त्यात माल अडकलेला माणूस काहीही म्हणतो. "मिस्त्री, पाटा दमलाय." की मिस्त्रीनं घण खाली ठेवलाच.

"कवापासून दमलाय? आन तू आत्ता सांगायलास?"

पाटा म्हणजे गाडीच्या पोटाखाली पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात, तो. त्यातल्या एकेका पट्टीलाही पाटाच म्हणतात. वरचा भार त्याच्यावर आणि खालचा खड्डाही त्याच्यावर. मिस्त्रीचं म्हणणं असं, की ज्यानं वर्षानुवर्षं वाकून पुन्हा सरळ व्हायचं, त्याचं एक दिवस झालं नाही तर लगेच 'तुटला' म्हणून मोकळं व्हायचं का? "तुजा बाप म्हातारा झाला तर मोडला म्हनतोस का?" असं तो तोंडावर विचारायचा. त्यामुळं त्याच्याकडं गिऱ्हाईक एकदा आलं की दुसऱ्यांदा शक्यतो येत नसे. तरी येत असे, कारण त्याचा पाटा पुन्हा दमत नव्हता.

तो इकडचा नव्हे. लातूरकडचा. बोलण्यात सारखं 'कामून, कामून'. आम्ही पुनावळ्याची माणसं त्याला त्यावरून चिडवायचो. लढाईच्या काळात मिलिटरीच्या वर्कशॉपात होता, तिथून त्यानं दोन गोष्टी आणल्या, पोलादाचं ज्ञान आणि बुटाचा एक जोड. त्यातला उजवा बूट तो घालायचा. डावा पाय उघडा. भट्टीवर ठिणग्या उडतात, पायावर पडतात, डाग पडलेले मी स्वतः बघितले. मी एकदा विचारलं, "मिस्त्री, दुसरा बूट कुठं हाय?"

"पेटीत. नवा कोरा हाय."

"मग घाला की."

"डाव्या पायानं ऐकतो मी."

ऐरणीखालच्या ओंडक्याला तो डाव्या पायाचा तळवा टेकवून काम करायचा. घाव नीट बसला की नाही ते तळव्याला कळतं, कानाला उशिरा कळतं, असं म्हणायचा. एखाद्या लग्नाला गेला तर मांडवाबाहेर त्याचा एकच बूट असायचा, आणि यजमान बिचारा दुसरा शोधत फिरायचा.

आता माझं. मी सुतार, बापजाद्यांपासून. बैलगाडी करावी तर आमच्या घरानं. चाकाला धाव चढवण्यात मावळात माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. ती विस्तवात लाल करायची, लाकडी चाकावर बसवायची आणि वरून घागरीनं पाणी ओतायचं. लोखंड आक्रसतं आणि चाकाला असं धरतं की दहा वर्षं सोडत नाही. पाणी एक पळ लवकर पडलं तर धाव तिरकी बसते आणि उशिरा पडलं तर लाकूड जळतं. हे ज्याला कळतं तो कारागीर, बाकीचे लाकूडतोडे. शाळेत मी गेलो ते मास्तरांचं बाक दुरुस्त करायलाच म्हणा, पण मला कुणी काही शिकवायला लागलं की तळपायाची आग मस्तकाला जायची. अजून जाते. सुना हसतात.

मिस्त्रीचं आणि माझं जमायचं कारण हेच, की जमत नव्हतं. तो म्हणायचा, "लाकूड म्हंजे जळन. उगं तुमी त्याला आकार देताव आन चार दिस लांबवताव." मी म्हणायचो, "लोखंड गंजतं, मिस्त्री. बाभळ गंजलेली बघितली का कवा?" मग तो गप्प बसायचा आणि दोन दिवसांनी उत्तर घेऊन यायचा. दोन दिवस तो तेच घोळवत असायचा.

पुढं कंपन्या आल्या, तेव्हा एका कंपनीनं त्याला बोलावून नेलं. पोलादाची एवढी पारख असलेला माणूस त्यांना हवाच होता. आठ दिवस गेला. नवव्या दिवशी सकाळी भट्टीवर हजर. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "सायबानं पाटा दाखवला आन म्हनला हे फेल झालंय. मी म्हनलं, फेल कामून? त्यानं काय परीक्षा दिलती का?" एवढ्यावरून नोकरी गेली. त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्याला राग आला होता तो त्या शब्दाचा.

पण मला सांगायचंय ते त्या आधीचं. घरगाडीचं.

ती एका इंग्रज साहेबाची होती. शिकारीला जाताना मोटारीमागं जोडून न्यायचा. दोन चाकं, वर लाकडी खोली, गोल पाठीचं पत्र्याचं छप्पर, दोन खिडक्या, एक दार आणि दाराला पायरी. आत घडीचा पलंग, भिंतीतलं कपाट, हात धुवायचं चिनी मातीचं भांडं. साहेब देश सोडून गेला, गाडी देहूरोडला एका बंगल्यामागं राहिली आणि तिच्यात कोंबड्या राहायला आल्या. चिंचवडच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना ती दिसली. बाई पुण्याच्या, उंच, आवाज खणखणीत. त्यांचा दवाखाना एका ट्रस्टचा होता. ट्रस्टनं त्या बंगल्यावाल्याकडून गाडी मागून आणली आणि मिस्त्रीच्या भट्टीसमोर आणून सोडली. एका कुशीवर कलंडलेली होती, म्हैस बसते तशी.

बाईंना ती हवी होती बायकांसाठी. निघोजे, चाकण, तिकडच्या वाड्या, इथल्या पोटुशा बायका चिंचवडला येत नसत. बैलगाडीत पोट हिंदकळतं म्हणून सासवा सोडत नसत. बाई स्वतः गावात जायच्या, पण तपासायचं कुठं? शाळेत पोरं, चावडीवर पुरुष. "देवळाच्या ओसरीवर बायका मला पोट दाखवणार आहेत का?" असं त्या ट्रस्टच्या माणसांना म्हणाल्या होत्या. "मला चार भिंती आणि एक दार द्या. आतून कडी लागेल असं." ट्रस्टच्या माणसांना हे फारसं पटलेलं नव्हतं. त्यांनी एक सोमवार नेमून दिला. त्या सोमवारी घरगाडी निघोज्यात धडपणी उभी दिसली तर दर आठवड्याची फेरी चालू. नाही पोचली, किंवा वाटेत काही झालं, तर गाडी भंगारात आणि बाई पुन्हा दवाखान्याच्या खुर्चीवर. दुसरी संधी नव्हती, हे बाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं.

गाडी आली तेव्हा मिस्त्री सरळ तिच्या खाली जाऊन उताणा पडला. अर्धा तास झाला, पाऊण झाला. कुणी बोलायचं नाही अशी त्याची पद्धत, त्याला गाडीला विचारू द्यायचं. बाई उन्हात उभ्या. शेवटी त्यांनी वाकून विचारलं, "मिस्त्री, पाटे तुटलेत का हो?"

मी डोळे मिटले. खालून उत्तर नाही.

मी हळूच म्हणालो, "बाई, दमलेत म्हणा."

"दमलेत? दमलेय तर मीसुद्धा," बाई म्हणाल्या. "बाहेर या आणि किती दिवस लागतील ते सांगा."

मिस्त्री बाहेर आला. त्याला असं कुणी खालून काढलेलं मी पहिल्यांदा बघितलं. कपडे न झटकताच त्यानं सांगितलं, डाव्या अंगाचा सगळ्यात लांब पाटा गेलाय, बाकीचे बसून सपाट झालेत, पाटे ज्या पिनांवर टांगलेले असतात त्या झिजून करंगळीएवढ्या राहिल्यात आणि त्या पिना ज्या पितळी नळीत फिरतात त्या नळ्या अंड्यासारख्या लांबट झाल्यात. "सगळं बदलतो. पन वढनार कोन हिला? मोटार हाय का?"

मोटार नव्हती. तिथं मी पुढं झालो. मोटारीला अडकवायचा साहेबाचा आकडा काढायचा, त्या जागी दांडी आणि जू बसवायचं आणि माझी बैलजोडी जुंपायची. मिस्त्री म्हणाला, "सायबाचं घर आन सुताराचं बैल." पण त्याला ते आवडलं होतं.

त्याच्या खोपटामागं मिलिटरीच्या मोडक्या ट्रकांच्या पाट्यांचा ढीग होता. त्यातून पोलाद निवडायचं काम दोन दिवस चाललं. एकेक पट्टी उचलायची, दगडावर टाकायची, आवाज ऐकायचा. "हा झोपलाय. हा रुसलाय. हा चालंल." डाव्या अंगाच्या लांब पाट्याएवढ्या लांबीची आणि चांगल्या आवाजाची पट्टी त्या ढिगात एकच निघाली. त्यानं ती पोरीसारखी दोन्ही हातांवर धरून आणली. "एवढी एकच हाय बरं का, सुतार. दुसरी न्हाई."

पट्टी लाल करून वाकवायचं काम तो सगळ्यांसमोर करायचा. पण वाकवून झाल्यावर पोलादाला पाणी द्यायचं, म्हणजे ते कडक करायचं काम तो गोणपाटाच्या आडोशाला करायचा. उजेडात पोलादाचा रंग खोटा दिसतो म्हणून तिथं अंधार केलेला. आडोशाच्या आत कुणाला घेत नसे. मी बाहेर माझ्या दांडीला रंधा मारत बसलेला असायचो, मला फक्त आतून आवाज यायचा आणि वास यायचा. उजव्या अंगाचे पाटे झाले, डाव्याचे धाकटे झाले, राहिला लांब पाटा. तो वाकवूनही झाला होता. आणि शुक्रवारी मिस्त्रीला पुण्याला जावं लागलं, पाटे आसाला आवळायचे बोल्ट आणायला. नाना पेठेत मिळायचे. थांबलो असतो तर सोमवार हुकत होता.

जाताना म्हणाला, "सुतार, भट्टी लावलेली हाय. पाटा पिकल्या उंबराच्या रंगाला आला की पाणी दे. सगळा एकदम दे, मधी थांबू नको. आन तसाच ठिव. पुढचं मी आल्यावर करतो."

मी म्हणालो, "पाणी द्यायचं मला शिकवू नका, मिस्त्री. हयात गेली माझी धावांवर पाणी वतण्यात." माझी हयात तेव्हा तीस वर्षांची होती.

आडोशाच्या आत गेलो. भट्टीशेजारी पाण्याची दगडी डोण होती, चांगली लांब. पलीकडं जमिनीत पुरलेलं एक पिंप होतं, त्यावर झाकण. झाकण उचलून बघितलं तर आत काळं तेल. म्हणलं वंगणाचं असंल. पाटा उंबराच्या रंगाला आला. रंग ओळखण्यात मी चुकलो नाही, हे सांगून ठेवतो. चिमट्यांनी उचलला आणि सगळा एकदम डोणीत घातला. केवढी वाफ आली. पोलाद किंचाळल्यासारखं झालं. पाटा बाहेर काढला तो सरळ, स्वच्छ, कुठं वाकडा नाही. मी त्याच्याकडं बघत विडी ओढली. म्हणलं, आता लोहारकीसुद्धा आली आपल्याला.

संध्याकाळी मिस्त्री बोल्ट घेऊन आला. पाटा उचलून बघितला. कानस फिरवून कडकपणा बघितला. समाधानानं मान हलवली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "तेल पुरलं का?"

"कशाला?"

"पाट्याला. वर चार बोटं तेल पायजे. मागल्या वेळी कमी पडलं हुतं."

तेव्हा मला कळलं, की लोहाराच्या तोंडी 'पाणी दे' म्हणजे नुसतं कडक कर. विळ्याला पाणी पाण्यानं देतात आणि पाट्याला पाणी तेलानं देतात. हे त्याला इतकं ठाऊक होतं की सांगायचं सुचलं नाही, आणि मला इतकं ठाऊक होतं की विचारायचं सुचलं नाही.

मी म्हणालो, "पुरलं."

का म्हणालो ते माझ्यापाशी स्पष्ट आहे. सकाळी ज्याला हयात सांगितली त्याला संध्याकाळी 'चुकलो' म्हणायला माझी जीभ उचलली नाही. दुसरं काही कारण नाही, आणि मी ते शोधतही नाही.

शनिवारी मिस्त्रीनं तो पाटा पुन्हा मंद विस्तवावर धरून त्याचा जास्तीचा कडकपणा उतरवला. वाळकी लिंबाची काडी पाट्यावर घासायची, काडीतून बारीक ठिणगी निघाली की बस्स. काडी नीट ठिणगी देत होती. मला जरा बरं वाटलं. तरी मी आडून विचारलं, "मिस्त्री, समजा, कुणी पाट्याला तेलाऐवजी साधं पाणी दिलं, तर?"

"असला येडा कुठं भेटला तुला?"

"समजा म्हणलं."

"लाकडाचं बरं असतंय. ते करकरतंय, आधी सांगतंय. पोलाद सांगत न्हाई. आत केसाएवढी चीर पडती. वरून बगशील तर कायबी दिसत न्हाई. मंग भर उतारात, वर माणसं बसल्याली असताना, सोडून देतंय."

"दमतं म्हणा की."

त्यानं हातातली काडी खाली टाकली. "न्हाई. ते दमत न्हाई. ते तुटतं."

त्याच्या तोंडून तो शब्द मी तेवढा एकदाच ऐकला. त्या दिवशी नव्या पिना बसल्या, नव्या नळ्या बसल्या, पाटे आवळून झाले, घरगाडी सरळ उभी राहिली. बाईंनी आतून सगळी धुऊन काढली, कोंबड्यांचा वास गेला, पांढरे पडदे लागले. मी घरी गेलो आणि जेवलो नाही. बायको म्हणाली, "दाढ दुखतीय का?" मी म्हणालो, "व्हय."

रविवारी निघालो. दुरुस्त केलेल्या गाडीच्या पहिल्या फेरीला मिस्त्री स्वतः बसायचा, आणि नव्या पाट्याच्या अंगालाच बसायचा. तो डाव्या खिडकीशी बसला. बाई औषधांच्या पेट्या घेऊन त्याच्याशेजारी बसल्या. "हे काय, मी पण येतेच," म्हणाल्या. मी पुढं बैलांपाशी. भोसरीपर्यंत रस्ता बरा होता. मी बैल इतके हळू चालवले की मिस्त्री आतून ओरडला, "सुतार, वरात हाय का ही?" मी मनात ठरवलं होतं, बोलायचं नाही, पण जपून न्यायचं. काही होणार नाही. काडीनं ठिणगी दिलीय.

मोशी ओलांडली की रस्ता इंद्रायणीकडं उतरतो. तेव्हा तो उतार असा होता की दगड आणि चाकोऱ्या यांच्याशिवाय तिथं काही नव्हतं. बैलांनी उतार बघून माना खाली घातल्या. मागून बाईंचं हसणं ऐकू आलं, मिस्त्री त्यांना काहीतरी सांगत होता. माझ्या हातातला कासरा आपोआप ओढला गेला. गाडी थांबली. मी चाकांना दगड लावले आणि दाराशी गेलो.

"खाली उतरा दोघं."

"कामून?"

"मी पाट्याला पाणी दिलं, मिस्त्री."

"मला म्हाईत हाय की. मीच सांगितलंतं."

"पाणी. डोणीतलं. तेल न्हाई दिलं."

मिस्त्री माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता हातात असंल ते फेकून मारणार. बाईंना काही कळलं नव्हतं, त्या एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या.

"काल इचारलास तो येडा," मिस्त्री म्हणाला.

"मीच."

तो उतरला. बाईंना हात देऊन उतरवलं. मग गाडीखाली शिरला आणि खालूनच म्हणाला, "बाई, तुमच्या पेटीत रॉकेल हाय का?"

सुया उकळायच्या स्टोव्हसाठी बाटलीभर होतं. आम्ही गाडीला टेकू दिले, डावं अंग उचललं आणि नुकते आवळलेले बोल्ट त्या उतारावर पुन्हा सोडले. लांब पाटा बाहेर काढून त्यानं वाटेच्या कडेला दोन दगडांवर ठेवला. बाईंच्या कापसाच्या बोळ्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत रॉकेल चोळलं. ते मुरेपर्यंत थांबला. मग धोतरानं खसाखसा पुसून कोरडा केला आणि माझ्यापुढं हात केला. "चुन्याची डबी काढ."

तंबाखूचा चुना तो. त्यात थेंब थेंब पाणी घालून त्यानं अंगठ्यानं पाट्यावर पातळ सारवण केलं. पाटा पांढरा झाला. उन्हानं चुना वाळायला लागला.

"चीर असंल तर आतलं रॉकेल वर यील," तो म्हणाला. "चुन्यावर काळी रेघ उमटंल. रेघ आली तर परत फिरायचं. दुसरी पट्टी न्हाई माज्याकडं."

बाईंना आता सगळं कळलं होतं. त्या पायरीवर बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत पाट्याकडं बघत राहिल्या. चुना वाळत चालला होता. मी या टोकापासून बघत गेलो, काही नाही, काही नाही. आणि टोकाच्या वळशापाशी, जिथं पिन जाते तिथं, एक काळी रेघ दिसली. बारीक. बोटभर लांब.

मी म्हणालो, "आली."

बाई उठून उभ्या राहिल्या. मिस्त्री गुडघ्यावर बसला, नाक पाट्याला लागेपर्यंत वाकला. बराच वेळ बघितलं. मग नखानं ती रेघ उचलली आणि उन्हात धरली.

"बैलाच्या शेपटीचा केस हाय."

मी खाली बसलो. मिस्त्रीनं त्या जागी पुन्हा रॉकेल लावलं, पुन्हा पुसलं, पुन्हा चुना लावला, पुन्हा थांबला. पांढरं ते पांढरंच राहिलं. मग पाटा उलटा करून दुसऱ्या बाजूनं तेच सगळं पहिल्यापासून. दुपार कलली. शेवटी त्यानं पाटा उचलून दगडावर उभा आपटला, तळवा जमिनीला टेकवून ऐकला आणि म्हणाला, "बसवा."

बोल्ट आवळताना त्यानं मला विचारलं, "मला परवाच कामून सांगितलं न्हाईस?"

"जीभ उचलली न्हाई."

"तेल म्हंजे तेल, पाणी म्हंजे पाणी, एवढं कळत न्हाई?"

"तुमीच म्हणाला पाणी दे म्हणून."

"पाट्याचं पाणी म्हंजे तेल."

"मग तेल म्हणा ना," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीचा हात पान्यावरच राहिला.

"दुसऱ्यांनी 'तुटला' म्हटलेलं तुम्हाला चालत नाही," बाई पुढं म्हणाल्या, "आणि तुम्ही तेलाला पाणी म्हणता. यांनी काय समजायचं?"

बोल्ट आवळून झाले. तो पुन्हा डाव्या खिडकीशी बसला. बाईही बसल्या, त्यांना मी विचारलंसुद्धा, "चालत येता का?" तर म्हणाल्या, "का? चीर नाही ना?" उतार उतरलो. नदी ओलांडली. पलीकडचा चढ चढलो. मग खिडकीतून मिस्त्रीचं डोकं बाहेर आलं.

"सुतार. चूक शब्दाची हाय."

"चूक माझी हाय. शब्दाला मधी आणू नका."

"शब्द माजा हाय. म्हंजे चूक माजी."

"पाणी म्या वतलं. तुमी पुण्यात होता."

"ऐक की जरा."

"न्हाई ऐकत."

निघोज्याची झाडं दिसेपर्यंत हेच चाललं होतं. बाईंनी मधेच सांगितलं, की दोघांची अर्धी अर्धी धरा, पण ते दोघांनाही पटलं नाही. आजही मी म्हणतो चूक माझी. पण एक झालं. त्यानंतर त्याच्या भट्टीवर 'पाण्याला पाणी, तेलाला तेल' असं सुरू झालं. विळा असला तर म्हणायचा, पाणी पाज. पाटा असला तर म्हणायचा, तेल पाज. नवीन माणसाला ते विचित्र वाटायचं. तळेगावचा एक लोहार तर त्याला हसला. मिस्त्रीनं त्याच्याशी भांडण केलं नाही, फक्त माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "त्याला इचारा." आणि मी, मी म्हणालो, "व्हय. म्या केलंतं." दहा माणसांसमोर म्हणालो. ते मला त्या उताराआधी जमलं नसतं.

सोमवारी सकाळी घरगाडी निघोज्यात लिंबाखाली उभी होती. ट्रस्टची माणसं मोटारीतून आली, गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून बघितलं, कडी लावून बघितली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. बायका लांब विहिरीपाशी गोळा झालेल्या. कुणी पुढं येईना. बाई दारात उभ्या, पांढऱ्या पातळात, हाताची घडी घालून. त्यांनी हाका मारल्या नाहीत. त्या नुसत्या थांबल्या.

शेवटी एक म्हातारी आली, मागं तिची सून, पोट पुढं, डोक्यावर पदर. म्हातारीनं काठीनं चाकाला टोचलं आणि मला विचारलं, "गाडीवान, हे डुगडुगतं का रं?"

"डुगडुगतं, आजी. डुगडुगायलाच केलंय."

"आन पडलं तर?"

"काल ह्या बाई आन आमचा मिस्त्री यात बसून नदी उतरून आलेत."

म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग सुनेला म्हणाली, "जा."

तेवढ्यात गाडीखालून कुणीतरी माझा पाय ओढला. मिस्त्री. कधी शिरला होता कुणास ठाऊक. "ये हिकडं. वाकून काय बगतोस, झोप." मी ट्रस्टच्या माणसांसमोर धूळ बघितली नाही, त्याच्याशेजारी उताणा झोपलो. डोक्यावर हातभर अंतरावर डावा पाटा. कुठं कुठं अजून चुना राहिलेला.

पायरी वाजली. लांब पाटा हलकेच खाली आला, त्याच्याखालचे धाकटे त्याच्याबरोबर खाली आले, पिन नळीत फिरली आणि सगळं थांबलं. वर कडी लागल्याचा आवाज आला. मग बाईंचा आवाज, हळू, मग त्या पोरीचा, त्याहून हळू. पाटा तसाच वाकलेला.

"मिस्त्री," वरून बाईंचा आवाज आला, "तुम्ही दोघं खाली असाल तर आधी बाहेर निघा. ही बोलत नाहीये."

आम्ही सरपटत बाहेर आलो आणि लिंबाच्या बुंध्याशी जाऊन बसलो. तिथून पाटा तेवढा दिसत होता. बऱ्याच वेळानं कडी निघाली. सून पायरीवरून उतरली, म्हातारीच्या कानाशी काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. पाटा वर आला. होता तिथं, तसूभरही कमी नाही.

विहिरीपाशी तीन बायका उठून उभ्या राहिल्या होत्या.

मिस्त्री पाट्यावरची नजर न काढता म्हणाला, "येऊ द्या आता."